लसणाची बिजवाई घेण्याआधी : कोणती जात बालाघाटच्या मातीत गाठ धरते, कोणती नुसती पात देते

बालाघाट : धान कापून बांध्या मोकळ्या व्हायला लागल्या की वैनगंगेच्या दोन्ही काठांवर एकच विचारणा सुरू होते. यंदा लसन लावायचा का, आणि लावायचा तर कोणता? बाजारात बिजवाईचे ढीग लागतात. एका ढिगाला ‘देशी’ म्हणतात, दुसऱ्याला ‘ऊटी’, तिसऱ्याला ‘जी’चा कुठलासा नंबर, तर चौथ्याला नुसतंच ‘हायब्रीड’. नाव सांगणारा सांगून मोकळा होतो. ते नाव खरं होतं की खोटं, हे मात्र मार्चमध्ये उपटल्यावरच कळतं.

चूक महागात पडते ती यामुळेच. एका एकराला 160 ते 200 किलो बिजवाई लागते. भाव 40 रुपये किलो असला तर 200 किलोचे 8 हजार होतात, 300 रुपये असला तर 60 हजार. धानाच्या बियाण्याशी ही रक्कम ताडून पाहिली म्हणजे लसूण लावणारा शेतकरी पेरणीच्या दिवशीच केवढी जोखीम घेतो ते ध्यानात येतं. त्यातही बिजवाई महाग असते ती बहुतेक वेळा तेजीच्या वर्षी, म्हणजे सगळेच लसणाकडे धावतात तेव्हा. पीक हाती येतं तोवर भाव उतरलेला असू शकतो. 2022 साली मध्य प्रदेशातल्या मंड्यांमध्ये लसूण पाच रुपये किलोच्याही खाली गेला, शेतकऱ्यांनी माल फेकून दिला. पुढे वर्ष-दीड वर्षातच, 2023 च्या शेवटी आणि 2024 च्या सुरुवातीला, किरकोळ बाजारात तोच लसूण चारशे रुपयांवर पोचला.

भाव शेतकऱ्याच्या हातात नाही. जात निवडणं आहे.

लसणाचं ‘हायब्रीड’ असतं का?

नसतं. बाजारात जे लसणाचं हायब्रीड म्हणून विकलं जातं ते हायब्रीड नव्हे. संकरित वाण तयार करायचा तर दोन जातींच्या फुलांचं परागीभवन होऊन बी धरावं लागतं. आपल्याकडे लागवडीत असलेला लसूण खरं बी धरत नाही. मध्य आशियातल्या काही मूळ प्रकारांपासून शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बी मिळवलेलं आहे, पण ते संशोधनापुरतं. शेतात लसूण पाकळीपासूनच वाढतो, आणि पाकळी म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. त्यामुळे लसणाची ‘जात’ म्हणजे कुठून तरी निवडून, वेगळी काढून, वर्षानुवर्षे पाकळीनेच वाढवलेली एक ओळ. आईसारखीच लेक, तिच्यासारखीच नात.

याचा फायदा असा की एकदा चांगली बिजवाई हाती लागली की ती घरीच राखता येते, दरवर्षी विकत घ्यावी लागत नाही. तोटा असा की आईचा रोगही लेकीकडे जातो. विषाणू, कोळी, बुरशी हे सगळं पाकळीतून पुढच्या हंगामात उतरतं. ‘आमचा घरचा लसन आता पहिल्यासारखा भरत नाही’ असं म्हातारे शेतकरी म्हणतात, त्यात बरंच तथ्य आहे. जात बिघडलेली नसते, तिच्यात विषाणू साचलेले असतात.

दिवस किती तासांचा, यावर गाठ ठरते

लसणाच्या जातींचे मोठे दोन गट पडतात, आणि हा फरक सगळ्यात आधी समजून घ्यायला हवा. एक गट लहान दिवसांचा, म्हणजे मैदानी भागातला. दुसरा मोठ्या दिवसांचा, म्हणजे हिमाचल, काश्मीर, उत्तराखंडच्या डोंगरातला.

लसणाची पाकळी रुजल्यावर पहिले दीड-दोन महिने त्याला थंडी लागते. या काळात तो पात वाढवतो. पुढे दिवस मोठा होऊ लागला आणि ऊन वाढलं की पात थांबते आणि गाठ भरू लागते. किती मोठा दिवस झाल्यावर गाठ धरायची, हे जातीच्या अंगातच असतं. मैदानी जातींना बाराएक तासांचा दिवस पुरतो, म्हणजे आपल्याकडचा फेब्रुवारी-मार्च. डोंगरी जातींना तेरा-चौदा तासांचा दिवस आणि त्याआधी लांबलचक थंडी हवी असते. बालाघाटला डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास असतो, आणि जूनमधला सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आतच संपतो. तोवर तर इथं नवतपा होऊन पावसाची वाट पाहणं सुरू झालेलं असतं.

म्हणून नागपूरच्या कळमना मार्केटात किंवा गोंदियाच्या दुकानात हिमाचलचा टपोरा लसूण दिसला, दहा-बाराच मोठ्या पाकळ्या, सोलायला सोपा, की तो खायला न्यावा, लावायला नेऊ नये. त्याची दुसरीही अडचण आहे. तो डोंगरात मे-जूनमध्ये निघतो, त्यामुळे ऑक्टोबरात त्याची झोप नीट मोडलेली नसते. उगवण मागेपुढे होते, पात हिरवीगार येते, बघणाऱ्याला पीक झकास वाटतं, आणि उपटल्यावर खाली कांद्याच्या पातीसारखा जाड दांडा नाहीतर एकच गोल गाठ निघते.

ही एकच गोल गाठ, म्हणजे एककळी लसूण, वेगळी जात आहे असा समज आहे आणि तो महागड्या भावाने विकलाही जातो. डोंगरात असे काही प्रकार राखून वाढवतात हे खरं. पण कुठल्याही लसणाची फार बारीक पाकळी लावली किंवा त्याला पुरेशी थंडी मिळाली नाही, तर तो पाकळ्या न पाडता एककळी होऊ शकतो. ‘हत्ती लसूण’ म्हणून जो मुठीएवढा प्रकार दाखवतात, तो वनस्पतीशास्त्राच्या हिशेबाने लसूणच नाही, लीक या पातीच्या भाजीचा सख्खा आहे. चवीला मवाळ असतो. आपल्या ठेच्यात तो घातला तर घरातलं कुणी विचारेल, लसन विसरला काय.

मैदानातल्या जाती

मध्य भारतात ज्या जातींची शिफारस होते त्यातल्या बहुतेक दोन-तीन संस्थांकडून आलेल्या आहेत. एक नाफेडच्या पुढाकाराने 1977 मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय बागवानी संशोधन आणि विकास प्रतिष्ठान, ज्याचं मोठं काम नाशिक भागात चालतं. दुसरी पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगरची कांदा व लसूण संशोधन संस्था. हे केंद्र 1994 मध्ये नाशिकला सुरू झालं आणि 1998 मध्ये राजगुरुनगरला आलं. तिसरी राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ. म्हणजे मध्य प्रदेशातल्या शेतात जो ‘जी’ नंबरचा लसूण उभा असतो त्याचं माहेर पुष्कळदा महाराष्ट्रातलं निघतं.

ॲग्रीफाउंड व्हाइट, म्हणजे जी-41, ही यातली जुनी आणि ओळखीची जात. गाठ घट्ट, चांदीसारखी पांढरी, पाकळ्या 20 ते 25. तयार व्हायला साडेपाच महिन्यांच्या आसपास लागतात. हेक्टरी 13-14 टनांपर्यंत उत्पादन सांगितलेलं आहे. हिची दुखरी बाजू म्हणजे जांभळा करपा आणि स्टेम्फिलियम करपा हिला लवकर धरतो. जिथं जानेवारी-फेब्रुवारीत ढगाळ हवा आणि धुकं जास्त, तिथं हिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. नदीकाठच्या गावांनी हे विशेष ध्यानात घ्यावं.

यमुना सफेद किंवा जी-1 ही देशभर चालणारी जात. पाकळ्या जास्त, 25 ते 30, त्यामुळे सोलणाऱ्याचा जीव जातो, पण रोग-किडीला ती पहिलीपेक्षा बरी तोंड देते आणि टिकते. घरच्या खाण्यासाठी आणि आठवडी बाजारासाठी ही सुरक्षित निवड. यमुना सफेद-2 म्हणजे जी-50 हिच्या पाकळ्या आणखी जास्त, 35-40 च्या घरात. उत्तर भारतात ती जास्त चालते, इकडे तिच्यामागे लागण्याचं खास कारण नाही.

व्यापाऱ्याला आवडते ती यमुना सफेद-3, जी-282. मैदानी जातींमध्ये हिची गाठ मोठी, पाच-सहा सेंटीमीटर व्यासाची, आणि पाकळ्या फक्त 15-16. पांढरी, थोडी मलईकडे झुकणारी. दिवस कमी घेते, 140 ते 150. हेक्टरी 17 टनांपलीकडे जाण्याची तिची ताकद मानली जाते आणि ती मध्य प्रदेश, महाराष्ट्र दोन्हीकडे शिफारशीत आहे. पण मोठी पाकळी म्हणजे बिजवाईही जास्त. याचा हिशेब पुढे येईल.

राजगुरुनगरच्या दोन जाती आहेत, भीमा ओंकार आणि भीमा पर्पल. ओंकार पांढरी, 18-20 पाकळ्यांची. पर्पल जांभळट सालीची, 16-20 पाकळ्यांची. दोन्ही 120 ते 135 दिवसांत येतात, आणि उशिरा रान मोकळं होणाऱ्या धान पट्ट्यासाठी हा कमी कालावधीच खरा मुद्दा आहे. उत्पादनात पर्पल मागे पडते, हेक्टरी सहा-सात टन. यातली गंमत अशी की भीमा पर्पलच्या शिफारशीच्या यादीत महाराष्ट्र आहे, मध्य प्रदेश नाही. म्हणजे कागदानुसार ती आमगावला लावायची आणि पल्याड लांजीला नाही. जिल्ह्याची हद्द 1956 मध्ये राज्य पुनर्रचनेने राज्याची हद्द झाली, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, भंडारा मुंबई राज्यात गेला. लसणाला ते माहीत नाही. शिफारशीची यादी म्हणजे जिथं चाचण्या झाल्या त्या ठिकाणांची यादी, एवढाच तिचा अर्थ. पलीकडच्या गावात जी जात चालली ती अलीकडे थोड्या वाफ्यात लावून बघायला कुणाची हरकत नसावी. अनुदान मात्र राज्यागणिक वेगळं असतं, ते आधी विचारून घ्यावं.

राहुरीच्या गोदावरी आणि श्वेता या जाती महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या ओळखीच्या. गोदावरीची साल गुलाबी-जांभळी, श्वेता नावाप्रमाणे पांढरी. दोन्हीत पाकळ्या पंचवीसच्या आसपास. श्वेता जरा लवकर निघते. फुले बसवंत ही त्याच विद्यापीठाची जांभळट जात.

माळव्याची गोष्ट वेगळी. देशात लसणाच्या उत्पादनात मध्य प्रदेश पहिला आहे तो मंदसौर, नीमच, रतलाम, उज्जैनच्या जोरावर. तिथल्या मंड्यांमध्ये अमलेटा, महादेवा अशी स्थानिक नावं चालतात. रतलाम जिल्ह्यातल्या रियावन गावच्या चांदीसारख्या लसणाला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जसं बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये मिळालं होतं. रियावनचा लसूण बालाघाटला लावला तर तो रियावनसारखाच होईल का? पाकळी तीच, पण माती आणि हवा ती नाही. तिखटपणा आणि टिकाऊपणा यांत मातीतल्या गंधकाचा आणि काढणीच्या वेळच्या कोरड्या हवेचा मोठा वाटा असतो. चिन्नोरची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळं सांगायची गरज नाही.

आणि ‘ऊटी’? हे नाव निलगिरीच्या लसणावरून आलं. तमिळनाडूतल्या मेट्टुपालयमच्या बाजारातून मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थानचे व्यापारी बिजवाई घेऊन येतात. निलगिरी डोंगर असला तरी विषुववृत्ताच्या जवळ, तिथं दिवस फारसा लांबत नाही. म्हणून हा लसूण हिमाचलच्या लसणासारखा मैदानात हट्ट धरून बसत नाही, माळव्यात तो चालतो. पण बाजारातला ‘ऊटी’ खरंच निलगिरीचा, की माळव्यात दोन-तीन वर्षं वाढवलेला, की नुसतीच निवडलेली मोठी पाकळी, हे ढिगाकडे बघून सांगणं अवघड.

बांधी की बाडी?

बालाघाट, गोंदिया, भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला मातीची नावं शिकवायला नकोत. कन्हार, मोरंड, सिहार, बर्डी, ज्याची त्याला माहीत. लसणाला यातली भुसभुशीत, निचरा होणारी, शेणखत खाल्लेली जमीन हवी. मोरंड उत्तम. सिहारात शेणखत आणि पाण्याची सोय असेल तर गाठ सुरेख गोल येते आणि उपटायला सोपी जाते. निव्वळ कन्हार ही लसणाची शत्रू. ती सुकली की आवळते, गाठ वेडीवाकडी होते, आणि काढताना पाकळ्या फुटतात.

खरी अडचण धानाच्या बांधीची. रोवणीआधी चिखलणी केलेली असते, वरच्या थराखाली कडक थर बसलेला असतो, ओल लवकर जात नाही. तिथं नुसती नांगरटी करून सपाट वाफ्यात लसूण टोकला तर मुळं वरच्या थरातच अडकतात आणि पहिल्याच पाण्याला पिवळेपणा सुरू होतो. बांधीतच लावायचा असेल तर ढेकळं फुटेपर्यंत आडवी-उभी मशागत करून गादीवाफे काढावेत. गादीवाफ्याला जास्त राबावं लागतं खरं, पण फेब्रुवारीतला अवकाळी पाऊस वाफ्यात तुंबत नाही.

दुसरी अडचण वेळेची. लसणाची लागवड ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आटोपली पाहिजे. हलका धान तोवर निघतो. चिन्नोरसारखा उशिरा येणारा धान निघत नाही. डिसेंबरात लावलेला लसूण उगवतो, वाढतो, पण फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं की तो जेवढा असेल तेवढ्यावरच गाठ धरतो. झाड लहान म्हणून तो थांबत नाही. सात-आठ पातीचं झाड असताना गाठ धरली तर गाठ भरते, चार पातीवर धरली तर सुपारीएवढी राहते. म्हणून चिन्नोरच्या बांधीत लसणाचा नाद न करता तिथं दुसरं काही घ्यावं. लसूण बाडीत, भाजीच्या रानात किंवा नदीच्या कछारात ठेवावा.

मरार समाजाच्या बाड्यांमध्ये लसूण कायम चांगला दिसतो, त्याचं कारण हेच. ती जमीन धानाखाली अडकलेली नसते, वर्षानुवर्षं शेणखत खात आलेली असते, आणि विहिरीचं पाणी हाताशी असतं. बैहरच्या पठाराचा फायदाही लक्षात घेण्यासारखा आहे. खालच्या वैनगंगा खोऱ्यापेक्षा तिथं थंडी लवकर येते आणि जास्त टिकते. पाण्याची सोय असलेल्या गावांत तिथला लसूण खालच्यापेक्षा चांगला भरायला हवा.

पाकळ्यांचा हिशेब

लसूण 15 सेंटीमीटर अंतराच्या ओळीत, दोन रोपांमध्ये 10 सेंटीमीटर ठेवून टोकतात. या अंतराने एकरभर रानात पावणेतीन लाखांच्या आसपास पाकळ्या बसतात. पाट आणि धुरे वजा करता थोड्या कमी. पाकळी पाऊण ग्रॅमची असेल तर झाले 200 किलो. जी-282 सारखी मोठी पाकळी दीड-दोन ग्रॅमची असली तर बिजवाई दुप्पट लागते. इथंच अनेकांचा अंदाज चुकतो. 200 किलो आणलेलं असतं, अर्ध्या रानात संपतं, मग उरलेलं रान पातळ लावलं जातं किंवा घरातला स्वयंपाकाचा लसूण टोकून भरती केली जाते.

पाकळी आठ ते दहा मिलिमीटर जाडीची, बाहेरच्या कडेची घ्यावी. गाठीच्या मधल्या बारीक पाकळ्या बाजूला काढाव्या. गाठी फोडून पाकळ्या सुट्या करायचं काम लागवडीच्या एक-दोन दिवस आधीच करावं. आठवडाभर आधी फोडून ठेवलेल्या पाकळ्या बुडाशी सुकतात. काजळीसारखी काळी बुरशी, मऊ डाग किंवा भुगा दिसला तर ती गाठ पूर्ण टाकून द्यावी. लागवडीआधी पाकळ्या कार्बेन्डाझिमच्या द्रावणात, लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात, बुडवून सावलीत सुकवतात. रासायनिक नको असेल तर ट्रायकोडर्मा चोळतात. टोक वर, बूड खाली, माथ्यावर दोन-तीन सेंटीमीटर माती. उलटी टोकलेली पाकळी उगवते, पण मान वाकडी होते आणि गाठ बेढब.

शीतगृहातून आणलेला लसूण बिजवाईला स्वस्त मिळाला तरी जपून. फार थंडीत राहिलेली पाकळी लागवडीनंतर घाई करते, लवकर गाठ धरते आणि पुष्कळदा बाजूने कोंब फुटून गाठ विस्कटते.

एवढ्या पाकळ्या हाताने टोकायला माणसं लागतात, आणि ती बहुतेक बायाच असतात. नेमकं त्याच पंधरवड्यात धान कापणीही चालू असते. एक एकर लावायचं ठरवण्याआधी मजुरी आणि माणसं यांचा हिशेब बिजवाईच्या हिशेबासोबतच करावा.

खत, पाणी

शेणखत एकरी आठ-दहा टन, चांगलं कुजलेलं. हेक्टरी 100 किलो नत्र, 50 किलो स्फुरद, 50 किलो पालाश ही सर्वसाधारण मात्रा, म्हणजे एकरी 40-20-20. स्फुरद, पालाश आणि थोडं नत्र लागवडीलाच, उरलेलं नत्र दोन हप्त्यांत, आणि दीड-दोन महिन्यांच्या पुढे युरिया अजिबात नाही. पात गडद हिरवी करायच्या हौसेने जानेवारी अखेरीस युरिया फेकला की गाठ भरायच्या वेळी पाकळ्यांना पुन्हा कोंब फुटतात, आणि तसा लसूण टिकत नाही. गंधक विसरू नये. लसणाचा वास आणि तिखटपणा गंधकाच्या संयुगांमुळे आहे. पाकळी ठेचली की त्यातला एन्झाइम ॲलिईनचं ॲलिसिन करतो आणि मगच तो झणका येतो. आख्ख्या पाकळीला वास येत नाही तो यामुळेच. स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिलं तर गंधक सोबतच जातं, डीएपीतून जात नाही.

मुळं उथळ असल्यामुळे पाणी थोडं आणि वेळेवर द्यावं, थंडीत आठ ते बारा दिवसांनी, गाठ भरताना जरा लवकर. रान तडकेपर्यंत सुकवायचं आणि मग भरभरून पाणी द्यायचं, असं केलं की गाठी फुटतात. काढणीआधी पंधरा ते वीस दिवस पाणी बंद.

पात पिवळी पडली म्हणजे काय झालं?

दर जानेवारीत हा प्रश्न कृषी सेवा केंद्रांच्या काउंटरवर येतो आणि बऱ्याचदा उत्तर म्हणून तीन बाटल्या मिळतात. पिवळेपणाची कारणं वेगवेगळी असतात, आणि प्रत्येकाची खूण वेगळी.

सगळी पात सारखी फिकट, रान ओलं, तर पाणी तुंबलंय. पातीवर चांदीसारखे बारीक पांढरे चट्टे, पात आतल्या बाजूला वळलेली, तर फुलकिडे. ते पातीच्या बेचक्यात बसतात, म्हणून फवारा तिथवर पोचला पाहिजे. पात पूर्ण उलगडतच नाही, कडा पिवळ्या, गुंडाळलेली, तर कोळी, आणि कोळ्याला फुलकिड्याचं औषध फार उपयोगाचं नसतं. त्यासाठी पाण्यात मिसळणारं गंधक वापरतात. मधोमध जांभळट, कडेला पिवळा असा लांबट डाग जांभळ्या करप्याचा. ढगाळ हवेत तो चार दिवसांत रान पालटतो. मँकोझेब लिटरला अडीच ग्रॅम, चिकटणारं द्रव्य मिसळून, ही त्याची नेहमीची फवारणी. लसणाची पात मेणचट आणि उभी असल्यामुळे चिकटद्रव्याशिवाय औषध ओघळून जातं. पातीवर उभ्या पिवळ्या-हिरव्या रेघा आणि झाड खुजं असेल तर विषाणू. त्याला औषध नाही. अशी झाडं ओळखून ठेवावी आणि त्यांची गाठ बिजवाईला घेऊ नये.

घरची बिजवाई राखणाऱ्याने एवढं केलं तरी पुष्कळ. पीक उभं असतानाच सशक्त, रेघा नसलेल्या झाडांचा एक वाफा खुणा करून ठेवायचा आणि बिजवाई त्यातूनच घ्यायची. काढल्यावर मोठी गाठ बघून निवडलेली बिजवाई अर्धीच निवड असते, कारण पात तोवर सुकलेली असते आणि विषाणूची रेघ दिसत नाही.

शंका असेल तर दोन झाडं मुळासकट उपटून पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात न्यावी. बालाघाट जिल्ह्याचं केंद्र बडगावला आहे, गोंदियाचं हिवऱ्याला, भंडाऱ्याचं साकोलीला. वारासिवनीजवळ मुरझडला कृषी महाविद्यालयही आहे.

काढणी, जुड्या आणि बाजार

पात वरून पिवळी होऊन माना पडायला लागल्या की लसूण तयार. फार थांबलं तर वरची साल फाटून पाकळ्या सुट्या होतात, फार घाई केली तर गाठ ओली राहून सडते. मार्चमध्ये गारपिटीचा अंदाज आला की दोन-चार दिवस आधी काढलेलं बरं. काढलेला लसूण पातीसकट, एकाची पात दुसऱ्याच्या गाठीवर येईल अशी रचून, उन्हापासून झाकून तीन दिवस शेतात आणि मग आठवडाभर सावलीत सुकवावा. पात कापून विकायची घाई नसेल तर जुड्या बांधून आढ्याला टांगणं ही जुनी रीत अजूनही सरस आहे. हवा खेळती राहते, आणि चुलीच्या धुराने कीड लागत नाही. पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवलेला लसूण पावसाळ्यात आधी घाम सुटून मग कुजतो.

विकायचा कुठे, याचंही उत्तर जातीशी बांधलेलं आहे. बारीक पाकळीचा तिखट देशी लसूण आठवडी बाजारात आणि घरगुती गिऱ्हाइकाला जातो. मोठ्या पाकळीच्या मालाला गोंदिया, नागपूरचे व्यापारी, हॉटेलवाले आणि पेस्ट करणारे विचारतात. मंडीत लसूण भाजी म्हणून विकायचा की मसाला म्हणून, यावरही मध्य प्रदेशात अनेक वर्षं खटला चालला. भाजी मानली तर आडत्यामार्फत लिलाव होतो, मसाला मानला तर 1972 च्या मंडी कायद्याची वेगळी पद्धत लागते. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने 2024 मध्ये लसूण नाशवंत म्हणून भाजीत धरला आणि दोन्ही प्रकारच्या बाजारांत विकायची मोकळीक राहिली. चीनमधून लसूण आणायला 2014 पासून बंदी आहे, कारण त्यासोबत बुरशी येण्याची भीती. तरी नेपाळच्या वाटेने तो चोरून येतो. फार पांढरा, बुडाची मुळं पार साफ केलेला, एकसारख्या मोठ्या पाकळ्यांचा, नेहमीपेक्षा स्वस्त माल कुणी बिजवाई म्हणून देत असेल तर घेऊ नये. ती बुरशी एकदा रानात बसली की लवकर निघत नाही.

बिजवाईसाठी ठेवलेल्या जुड्या सप्टेंबरात एकदा खाली उतरवून बघाव्या. त्यातल्या हलक्या लागणाऱ्या, दाबल्यावर पोकळ वाटणाऱ्या गाठी वेगळ्या काढाव्या. बिजवाईला न चालणाऱ्या बारीक पाकळ्या फेकायच्या नाहीत. अंगणात एखाद्या फुटक्या बादलीत दाटीवाटीने टोकल्या की महिन्याभरात कापता येईल अशी पात येते, आणि कापल्यावर ती आणखी दोनदा तरी फुटते.